वहिनी आणि १८०० व्होल्ट

आमच्या परतुरात विजेला कोणी वीज म्हणत नाही. तारेतून येते ती ‘लाइन’ आणि आभाळातून पडते ती ‘ईज’. लाइनची वाट पाहायची आणि ईजेपासून चार हात दूर राहायचे, असा दोघींशी आमचा वेगवेगळा व्यवहार. मी तीस वर्षे इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवले. प्रश्नपत्रिकेत टपोऱ्या अक्षरात ‘विद्युतधारा’ लिहिणारी मुले वर्गातला पंखा थांबला की एका सुरात ‘सर, लाइन गेली!’ म्हणून ओरडत. आणि खरे सांगायचे तर घरी मीही तेच म्हणतो.

या दोन विजांच्या जोडीला तिसरी एक वीज आमच्या घरात आली, ती माझ्या पुतणीच्या नोकरीबरोबर. तिचीच ही हकिगत.

परतूर तुम्हांला ठाऊक असेलच असे नाही. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना सोडल्यानंतर लागणारे हे तालुक्याचे गाव. पूर्वी आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि बसल्या जागी आमचा जिल्हा बदलला. जवळून दुधना वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. जमीन काळी, आणि तिच्यातले मुख्य पीक विचाराल तर कापूस.

या कापसाला पाणी द्यायचे ते विहिरीवरच्या मोटारीने, आणि त्या वर्षांत शेतीची लाइन बरेचदा रात्रीच येई. २००९ साली पावसाने ओढ दिली होती. माझे थोरले बंधू, आमचे दादा, रात्रीच्या लाइनला मोटार लावायला गेले. पाय ओले होते. स्टार्टरच्या लोखंडी पेटीत करंट उतरला होता. एवढेच. याहून अधिक त्या रात्रीबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे.

तेव्हापासून वहिनी घरातले एकही बटन बोटाने दाबत नाहीत. बोर्डाशेजारी वाळक्या बांबूची हातभर काठी उभी असते. पायात चपला घालायच्या, काठी उचलायची आणि तिच्या टोकाने बटन खाली करायचे. नवा पाहुणा हे पाहून हसतो. घरातले कोणी हसत नाही.

दादा गेले तेव्हा पुतणी नऊ वर्षांची होती. पुढे ती शिकली. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. सगळे ठीक चालले होते. एके दिवशी तिने आनंदाच्या भरात फोनवर सांगितले, “आई, आज पहिल्यांदा माझ्या हातानं अठराशे व्होल्टचा झटका दिला. झकास जमला!”

वहिनींनी फोन खाली ठेवला. थोड्या वेळाने माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “भावजी, यांना तर चारशे पंधरानंच नेलं. पोरगी अठराशेशी खेळायली.”

४१५ हा आकडा वहिनींना कसा ठाऊक, असे तुम्ही विचाराल. पंचनाम्याच्या वेळी कोणीतरी तो उच्चारला होता. सातवी शिकलेल्या वहिनींनी तो सोळा वर्षे जपून ठेवला होता. त्या रात्री त्यांचा निर्णय झाला. पोरीने नोकरी सोडून परतुरात यावे, बी.एड. करावे आणि काकांसारखी मास्तरकी करावी. मोठ्या मुश्किलीने मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. “जा, तुमीच डोळ्यांनी बघून या,” वहिनी म्हणाल्या. “अन् मला खरं तेच सांगा.”

तेव्हा रात्रीच्या एस.टी.ने मी पुणे गाठले. एका कारकिर्दीचा निकाल माझ्या साक्षीवर अवलंबून होता.

आता प्रयोगशाळेत मी काय पाहिले ते सांगतो. प्रयोगाचा नायक आहे ई. कोलाय नावाचा जिवाणू. हा मूळचा आपल्या आतड्यातला भाडेकरू. प्रयोगशाळेत वापरतात ती त्याची निरुपद्रवी जात. लांबी सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे असे पाचशे जिवाणू टोकाला टोक लावून ठेवले तर कोठे एक मिलिमीटर भरेल. याच्या पोटात आपल्याला हवे ते जनुक घालायचे. जनुक म्हणजे डीएनएच्या धाग्यावर लिहिलेली एक कृती. पाककृतीच्या वहीतले एक पान म्हणा ना! पान आत गेले की जिवाणू ते वाचतो, त्यात सांगितलेले प्रथिन तयार करतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी एकाचे दोन होताना त्या पानाचीही नक्कल करून दोघांना वाटून देतो. असा कामसू आणि बिनपगारी आचारी त्रिभुवनात सापडणार नाही.

अडचण एवढीच, की तो दार उघडत नाही. त्याच्याभोवती तेलकट पदार्थाचे पातळ आवरण असते. डीएनए पाण्यात रमणारा. तेलातून तो पलीकडे जाईल कसा? त्यासाठी हा विजेचा झटका.

झटक्यापूर्वीची तयारी मात्र पाहण्यासारखी होती. आमच्या पुतणीने जोमात वाढणारे तरुण जिवाणू घेतले, ते बर्फात गार केले आणि बर्फासारख्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. घरी तांदूळ धुतात तसे. शेवटी त्यांना दहा टक्के ग्लिसरॉलच्या पाण्यात ठेवले. “इतकी आंघोळ कशाला गं?” मी विचारले. “मीठ जायला हवं, काका,” ती म्हणाली. मिठाच्या पाण्यातून वीज धो धो वाहते. मग झटक्याऐवजी ठिणगी पडते. तिचे बोलणे पुरे होते न होते तोच पलीकडच्या टेबलावर लवंगी फटाका वाजावा तसा ‘फट्’ आवाज झाला. मी दोन पावले मागे सरलो. तिथल्या एका मुलाच्या नमुन्यात मीठ राहिले होते. त्याचे जिवाणू मेले, त्याला कसली इजा झाली नाही. तो मान हलवत पुन्हा धुवायला बसला.

मग पुतणीने जिवाणूंत डीएनएचा कणभर द्राव मिसळला. कणभर म्हणजे किती? एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात. ते मिश्रण एका चपट्या, पारदर्शक डबीत भरले. तिच्या दोन बाजूंना धातूचे पत्रे, आणि दोन पत्र्यांत अंतर फक्त एक मिलिमीटर. ही डबी यंत्रात सरकवली. यंत्र जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओएवढे. आत मुख्य वस्तू म्हणजे पंखा दुरुस्त करणारा ज्याला कंडेन्सर म्हणतो ती. तो आधी वीज साठवतो आणि मग एका दमात रिकामा होतो. १८०० व्होल्ट उघडे हाताला लागले तर माणसालाही धोका आहे, हे मला ठाऊक होते. म्हणून मी डोळे फाडून पाहत होतो. डबी बंदिस्त खणात पूर्ण सरकल्याशिवाय यंत्र झटका देतच नाही, आणि सरकल्यावर बोट आत जाऊ शकत नाही. तिने बटन दाबले, बोटानेच दाबले. बारीक आवाज आला आणि पडद्यावर दोन आकडे उमटले: १८०० आणि ४.९. पहिला व्होल्टचा, दुसरा वेळेचा. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. तसे जवळजवळ पाच. झटका नीट बसला, याची ती पावती.

आणि यानंतर मी जे पाहिले ते माझ्या मनात कायमचे राहिले आहे. बटनावरचे बोट निघते न निघते तोच तिने डबी ओढून घेतली आणि आधीच जवळ आणून ठेवलेले एक पिवळसर पाणी तिच्यात ओतले. “एवढी घाई?” मी म्हटले. “आता एक मिनिट जरी गेलं, काका, तरी जगणारे कमी होतात.” ते पाणी म्हणजे जिवाणूंची पेज: प्रथिनांचा काढा, यीस्टचा अर्क, चिमूटभर क्षार आणि ग्लुकोज. पेज पाजून तिने ती नळी ३७ अंशांच्या उबेत तासभर हलत ठेवली. तिथे त्यांची भोके बुजतात, जीव ठिकाणावर येतो, आणि आत आलेले नवे पान ते वाचू लागतात. मग त्यांना प्रतिजैविक घातलेल्या ताटलीवर पसरायचे. नव्या जनुकाबरोबर त्या औषधाला पुरून उरण्याची कृतीही दिलेली असते. म्हणून ज्यांनी पान उचलले तेवढेच वाढतात आणि सकाळी ताटलीवर मोहरीएवढे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एका वाचलेल्या जिवाणूचे कोट्यवधींचे कुटुंब.

ही विद्या एका दिवसात आलेली नाही. १९२८ साली लंडनमध्ये ग्रिफिथ यांना दिसले, की न्यूमोनियाच्या मेलेल्या जंतूंचा गुण जिवंत जंतू उचलतात. तो गुण वाहून नेणारी वस्तू डीएनए आहे, हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये दाखवले. ई. कोलाय मात्र हट्टी. १९७० साली हवाई बेटांवर मँडेल आणि हिगा यांनी त्याला कॅल्शियम क्लोराईडच्या थंड पाण्यात ठेवून वळवले. पुढे बर्फातून काढून एकदम ४२ अंशांचा शेक देण्याची रीत पडली आणि ती आजही चालते. विजेची युक्ती जर्मनीच्या एबरहार्ड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली उंदराच्या पेशींवर यशस्वी केली. १९८८ साली अमेरिकेत डॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायला तोच झटका दिला. मायक्रोग्रॅमभर डीएनएमागे शंभर कोटी ते हजार कोटी जिवाणूंनी पान उचलल्याचा हिशेब लागला. शेकण्याची रीत इतकी फलदायी कधीच नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे सारे विद्वानांचे खेळ. आम्हांला त्याचे काय? तर तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रिज उघडून पाहा. पूर्वी इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. माणसाच्या इन्सुलिनची कृती १९७८ साली ई. कोलायमध्ये घातली गेली आणि १९८२ पासून ते औषध अमेरिकेत मिळू लागले. आपला आचारी अशी कामे करतो.

आणि आम्हा परतूरकरांना विचाराल तर आमचे अख्खे शिवार या विद्येने बदलले. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. मार्च २००२ मध्ये सरकारने मान्यता दिलेले देशातले पहिले बीटी कापसाचे वाण याच कंपनीचे. मातीतल्या एका जिवाणूचे बोंडअळी मारणारे जनुक कापसात घातलेले होते. ते कापसात नेऊन पोचवणाराही मातीतलाच दुसरा जिवाणू, ॲग्रोबॅक्टेरियम. झाडात आपला डीएनए खुपसण्याची त्याला जन्मजात खोड आहे. या हरकाऱ्याच्या पिशवीत हवे ते पान घालायचे काम आज प्रयोगशाळांतून पुष्कळदा विजेच्या झटक्यानेच होते.

पहिली काही वर्षे आम्ही खूश होतो. फवारे कमी झाले, बोंडे भरली. पण अळीही शिकते. गुलाबी बोंडअळी हळूहळू त्या प्रथिनाला सरावली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने दाणादाण उडवली. वहिनींची जमीन बटईने दिलेली होती. बाहेरून हिरवे, टणक दिसणारे बोंड हाताने फोडावे तो आत गुलाबी अळी निवांत बसलेली! पुतणी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. तिने फोडलेली बोंडे ओसरीवर रांगेने मांडून ठेवलेली मला आठवतात. आज ती ज्या गटात काम करते तो याच अळीवर चालेल अशा दुसऱ्या प्रथिनाच्या शोधात आहे. उमेदवार जनुके एकेक करून ई. कोलायमध्ये घालायची, त्याच्याकडून प्रथिन करवून घ्यायचे, अळीला चारून पाहायचे. बहुतेक वेळा अळी ते मजेत खाते. मग दुसरे जनुक, दुसरा झटका.

परतीच्या एस.टी.त माझ्यापुढे प्रश्न होता, हे वहिनींना सांगावे कसे? घरी पोचलो तर त्या ओसरीवर वाटच पाहत होत्या. जिवाणू म्हणजे काय ते सांगायला मला भिंग लागले नाही. त्या चाळीस वर्षे विरजण लावत आहेत. दूध फार गरम असेल तर विरजण मरते, फार गार असेल तर लागत नाही, हे त्यांना मला शिकवावे लागले नसते. यंत्राचा बंद खण, बोटाला न पोचणारी वीज, मिठाची ठिणगी, सगळे सांगितले. फटाक्यासारखा आवाजही लपवला नाही. खरे तेच सांगायचे ठरले होते ना!

वहिनींनी सारे ऐकून घेतले आणि मग माझ्या तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने न विचारलेला प्रश्न विचारला. “भावजी, चारशे पंधरानं एवढा धिप्पाड माणूस जातो, अन् अठराशेनं हे बारके जीव वाचतात कसे?”

मी म्हटले, “वहिनी, घाट हजार फूट उंच असला तरी त्यावर उभ्या मुंगीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत त्यातली किती उंची येते? केसभर. तसेच हे. एका मिलिमीटरला अठराशे व्होल्ट. पण जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा. त्याच्या वाट्याला टॉर्चच्या एक-दोन सेलइतकीच वीज येते. त्याच्या पातळ आवरणाला तेवढीही पुष्कळ होते. बारीक भोके पडतात, डीएनए आत सरकतो. पुष्कळसे त्यातही मरतात. बाकीचे वाचतात, कारण पाण्यात मीठ नाही आणि झटका सेकंदाच्या दोनशेाव्या भागात संपतो.”

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “अन् यांचा किती वेळ होता?”

सोळा वर्षांत हा विषय आमच्यात निघाला नव्हता. मी म्हटले, “शेतीच्या लाइनचा करंट सेकंदाला पन्नास हेलकावे खातो, वहिनी. हाताचे स्नायू आवळले जातात, मूठ सुटत नाही. दादांना हात काढून घेता आला नाही. पण फार वेळ कळलेही नसेल.”

“म्हणजे यांनी हलगर्जीपणा केला नव्हता.”

“नाही. त्या पेटीला कोणीही हात लावला असता तरी हेच झाले असते.”

त्यांनी पदराने डोळे पुसले. गावात तेव्हा कोण काय बोलले होते आणि त्यांनी मनात काय धरून ठेवले होते, ते मला त्या क्षणी समजले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “झटका दिल्यावर काय करती मग पोरगी?”

“लगेच पेज पाजते. एक मिनिट उशीर करत नाही. मग तासभर उबेत ठेवते.”

“त्या रात्री शेजारच्या म्हातारीनं मला गूळपाणी पाजलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “दात वाजत होते माझे. वाटी ओठाला लावून बळंच पाजलं तिनं, अन् मला घोंगडीत घेऊन बसली. नाहीतर मी बी ऱ्हायले नसते.” मग उठता उठता म्हणाल्या, “करू द्या तिला. पेज देती ना वेळेवर, मग करू द्या.”

बी.एड.चा विषय तिथेच संपला.

या हकिगतीला एक पुरवणी जोडतो. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या संशोधकांनी २००१ साली दाखवले, की प्रयोगशाळेत मातीवर कृत्रिम वीज पाडली तर त्या मातीतले काही जिवाणू जवळ पडलेला डीएनए आत घेतात. म्हणजे मृगाच्या पावसात आमच्या शिवारावर ईज कोसळते तेव्हा काळ्या मातीत हाच उद्योग बहुधा युगानुयुगे चालला असेल. हेही मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “ईजेला मेलीला पेज पाजायचं कुठं ठावं असतंय?” विज्ञानाच्या शिक्षकाला यावर उत्तर सुचले नाही.

बोर्डाशेजारची काठी अजून जागच्या जागी उभी आहे. तिला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. फरक पडला तो एवढाच, की पुतणी झटका देते त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आपणहून पुण्याला फोन करतात. जेवलीस का, झोपलीस का हे मागाहून. पहिला प्रश्न पेरणीनंतर शेतकरी विचारतो तोच असतो: “किती उगवले गं?”

परवा ती म्हणाली, “दोनशे बारा, आई.” वहिनींनी फोन कानाशी तसाच ठेवून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “दोनशे बारा, भावजी. लिहून ठेवा.”